निवासी बेसबॉल शिबिर, २१ दिवस: पोराला सीझनला कुठं ठेवायचं ते ठरवायला गेलो होतो

पाचपैकी तीन तारे. साडेतीन द्यायचे होते, पण अर्धा तारा देता येत नाही आणि चार द्यायला माझं मन होत नाही.

आधी लिहून कोण राहिलं ते सांगते. मी दर्यापूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. माहेर आणि सासर यांच्यात सहा किलोमीटर. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, पिचर होते, म्हणजे बॅटरकडं बॉल टाकणारी. माझ्या दादाचा मुलगा १५ वर्षांचा, यंदा दहावीत, डावखुरा, आणि बेसबॉलमध्ये पिचर. आमच्या गावात बेसबॉल कुठून आला, तर शाळेच्या पीटी सरांमुळं. त्यांचं शिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातलं. मंडळ १९१४ सालचं, आमच्याकडं खेळाचं नाव काढलं की आधी तेच आठवतं. मी ज्या अकादमीबद्दल लिहिते आहे ती मंडळाची नाही. ही खासगी आहे, दुसऱ्या शहरातली आहे, आणि तिचं नाव मी लिहिणार नाही, कारण आमचे डिपॉझिटचे ३,००० रुपये अजून त्यांच्याकडं आहेत.

शिबिराची फी ९,५००, राहणं-खाणं धरून. दादानं घरात ठेवलेली तूर विकून भरली. शिबिर हे निमित्त होतं. खरा प्रश्न असा होता की शाळा उघडल्यावर पोराला वर्षभरासाठी तिथंच टाकायचं, की गावच्या शाळेतून सीझन सुरू करू द्यायचा. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. ज्या शाळेत नाव त्या शाळेकडून खेळायचं. म्हणजे जुलैत जिथं बसेल तिथलाच होणार.

चांगलं आधी लिहिते, कारण ते खरंच चांगलं आहे.

माउंड, म्हणजे पिचर ज्यावर उभा राहून फेकतो तो मातीचा उंचवटा. आमच्याकडं काळी माती, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पायातली चप्पल ठेवून घेते. पीटी सरांनी दोन ट्रॉली मुरूम टाकून माउंड केला होता, पोळ्याच्या आसपासच्या पावसात तो अर्धा नालीत गेला. अकादमीचा माउंड नियमाप्रमाणं १० इंच उंच, आणि पिचरच्या पायाखालच्या रबरी पाटीपासून होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरजवळच्या पाटीच्या, टोकापर्यंत ६० फूट ६ इंच. मी पहिल्याच दिवशी टेप लावून मोजलं. दादा लाजून दूर जाऊन उभा राहिला. घरी आल्यावर गावचं अंतर मोजलं तर ५७ फूट भरलं. सरांनी पावलं टाकून आखलेलं, आणि सरांची पावलं आखूड. दोन वर्षं पोरगा साडेतीन फूट जवळून फेकत होता आणि आम्ही म्हणत होतो, काय फास्ट आहे बाप्पा! तिथं पहिला आठवडा त्याचे बॉल प्लेटच्या आधी मातीत पडत होते. फोनवर रडायच्या बेतात होता. मला मात्र वाटलं, बरं झालं, हे जिल्ह्याच्या मॅचमध्ये कळलं असतं तर!

दुसरी गोष्ट, तिथला एक तरुण सहाय्यक कोच. मुख्य सरांपेक्षा हा पोरगा मोलाचा. त्यानं पोराला शिवणीवर आडवी बोटं ठेवून सरळ बॉल कसा धरायचा ते दाखवलं. मग चेंजअप शिकवला, म्हणजे हात तसाच फिरवायचा पण बॉल तळव्यात खोल धरायचा, त्यानं वेग पडतो आणि बॅटर आधीच बॅट फिरवून बसतो. कर्व्ह, म्हणजे वळणारा बॉल, मात्र मागूनही शिकवला नाही, म्हणाला दोन वर्षं थांब. आणि डावखुऱ्याचा खास फायदा समजावला. डावखुरा पिचर फेकायला उभा राहिला की त्याचं तोंडच फर्स्ट बेसकडं, म्हणजे बॅटर पळत जातो त्या पहिल्या थांब्याकडं असतं. तिथला रनर त्याला समोर दिसतो, उजव्याला मान वळवावी लागते. पाय उचलून होमकडं जातो असं भासवायचं आणि बॉल फर्स्टला द्यायचा, पण पंचानं बाल्क, म्हणजे रनरला नियमाबाहेर फसवल्याचा दोष, देऊ नये इतपत सांभाळून. आता घरी आला की अंगणात कोंबडीकडं बघून पाय उचलतो आणि बॉल गोठ्याच्या खांबाला मारतो. कोंबड्यांनाही सवय झाली.

पाणी. आम्ही खारपाणपट्ट्यातले. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही. वहिनी म्हणते, पोराला २१ दिवस गोडं पाणी भेटलं, अर्धी फी तिथंच वसूल. मेसमध्ये पोळी, वरण, भात, आलू-वांग्याची भाजी, रविवारी चिकन. भाकर नाही. पोरगा भाकरीसाठी झुरला, पण ते शिबिराच्या तक्रारीत धरत नाही. सराव पहाटे साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते सात. दुपारी पोरांना बाहेर काढत नाहीत. विदर्भातल्या मे महिन्यात ही अक्कल सगळ्यांना असतेच असं नाही.

स्पीड गनबद्दल माझं मत अजून ठरत नाही. भिंतीवर लाल आकडे येतात. पोराचा सगळ्यात चांगला आकडा १०८ किलोमीटर. त्या दिवशी तीन वेळा फोन आला. पण नंतर तो बॅटरकडं कमी आणि भिंतीकडं जास्त बघायला लागला, हे मी भेटायला गेले तेव्हा स्वतः पाहिलं.

आता तारे कुठं गेले ते.

मी त्याला निघताना एक वही दिली होती. रोज झोपताना लिहायचं: आज मॅचमध्ये किती इनिंग (समोरचे तीन बॅटर बाद होईपर्यंतची एक पाळी) टाकल्या, किती बॅटर समोर आले. नेटमध्ये किती फेकलं ते वेगळ्या पानावर. २१ दिवसांचा हिशोब असा: मॅचच्या इनिंग ४, बॅटर १७. बस्स. शिबिरात ३४ पोरं, त्यात त्याच्याहून मोठे पिचर पाच. रविवारच्या मॅचमध्ये आधी ते पाच जण, मग उरलं तर हा. गावी तो दर रविवारी पाच इनिंग टाकतो. समोर कधी बाजूच्या गावची पोरं, कधी पंचविशीतले दोघं-तिघं जे बॅट अशी फिरवतात की जणू खळ्यावर तूर झोडून राहिले. पण बॅटर तो बॅटर. तो बॉल मारायला उभा असतो. जाळी उभी नसते कशालाच.

ग्लोव्हचं काय झालं ते ऐका. डावखुऱ्याला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो, तो वेगळा शिवलेला असतो. अकादमीच्या पेटीत तीसेक ग्लोव्ह, त्यात डावखुऱ्यांचे दोन, आणि त्यातल्या एकाची अंगठ्याजवळची जाळी उसवलेली. चांगला होता तो एका सीनिअरकडं. पोरानं दहा दिवस उसवलेल्या ग्लोव्हनं काढले. मग दादानं अंजनगावच्या चांभाराकडून चामड्याची वादी नेऊन दिली आणि तिथंच बसून शिवून दिला. शिवलेला ग्लोव्ह अकादमीकडंच राहिला, हे वेगळं.

आणि सगळ्यात राग आला तो बॉल मोजण्याचा. मी भेटायला गेले त्या दिवशी नेटमागं बसून मोजत होते. माझी जुनी पद्धत आहे, तुरीचे दाणे एका मुठीतून दुसऱ्या मुठीत. पहिले गरम व्हायचे वीसेक बॉल मी धरलेच नाहीत. तरी पोरानं ११२ फेकले. अमेरिकेत पोरांच्या हातासाठी वयाप्रमाणं आकडे ठरवलेले आहेत. १५-१६ वर्षांच्या पोरानं एका दिवसात मॅचमध्ये ९५ च्या वर टाकायचे नाहीत, आणि ७५ च्या वर गेला तर मध्ये चार दिवस हात बंद. नेटमधले बॉल त्या मोजणीत येत नाहीत हे मला माहीत आहे. पण खांद्याला थोडंच कळतं हे नेट की मॅच. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा फेकायला उभा केला. मी मुख्य सरांना विचारलं तर म्हणाले, "ताई, फेकल्यानंच खांदा मोकळा होतो." मी पिचर होते हे त्यांना सांगितलं नव्हतं. मग सांगितलं. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "सॉफ्टबॉल खालून टाकायचा असतो ना."

शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हाला ऑफिसात बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, पोरगा गुणी आहे, त्याला वयाच्या गटात वेळ घालवू देत नाही, थेट सीनिअर संघात घेतो. मोठ्यांसोबत राहील, लवकर तयार होईल. फक्त शाळा बदलून त्यांच्या जोडीच्या शाळेत नाव घाला. वर्षाचे १ लाख १० हजार, दोन हप्त्यांत.

एसटीत दादा बोलला नाही. घरी ओट्यावर बसल्यावर सुरू झाला.

"थेट सीनिअरमध्ये घेऊन राह्यले. असा चान्स कोणाले भेटते?"

"दादा, घेऊन राह्यले म्हणजे बसवून राह्यले. वहीत पाय ना."

"तठी नाव होते. अठी कोण पायते त्याले?"

"मले एक सांग, पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्याचं नाव कधी झालं?"

इथं मला माझं सांगावं लागलं, जे दादाला अर्धंच माहीत होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी माझी वरच्या संघात निवड झाली होती. गावात पेढे वाटले. मी त्या संघातली तिसरी पिचर. अख्ख्या स्पर्धेत मला एक इनिंग मिळाली, शेवटच्या दिवशी, आपण अकरा रनांनी मागं असताना. चार वॉक दिले, म्हणजे बॉल नीट न पडल्यानं चौघींना फुकट पहिला बेस. हात विसरला होता काय टाकायचं ते. माझ्याच कॉलेजची दुसरी मुलगी तेव्हा तालुक्याच्या संघात राहिली होती, तिला कोणी विचारलंही नव्हतं. ती सगळा सीझन टाकत होती. पुढच्या वर्षी निवड तिची झाली, आणि बरोबर झाली. मी तिच्याविरुद्ध बॅटिंग केली ना, मला माहीत आहे.

दादा म्हणाला, तुझी गोष्ट वेगळी. मग मी त्याला डेव्हिड क्लाइडची गोष्ट सांगितली. रात्री मोबाइलवर हेच वाचत बसते मी, नवरा म्हणतो तुला अमेरिकेला सासर पाहायला पाहिजे होतं.

अमेरिकेत मोठ्या लीगच्या संघाखाली शिड्या असतात. सगळ्यात खाली नवख्यांची लीग, मग सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए, आणि मग मोठा संघ. दर मार्चमध्ये सरावाचा महिना संपत आला की प्रत्येक पोराचं ठरतं की हा यंदा कुठल्या पायरीवरून सुरू करणार. डेव्हिड क्लाइड हा टेक्सासचा पोरगा, १८ वर्षांचा, डावखुरा पिचर. १९७३ च्या निवडीत पहिल्या नंबरवर टेक्सास रेंजर्सनं घेतला. संघाची अवस्था वाईट, मैदान रिकामं. मालकानं त्याला खाली पाठवायच्या ऐवजी थेट मोठ्या संघात आणलं. २७ जून १९७३ ला, शाळेतल्या शेवटच्या मॅचनंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तो मिनेसोटाविरुद्ध उतरला. मैदान खचाखच भरलं, आणि पोरगा जिंकलाही. ठरलं होतं की दोन मॅच खेळवायच्या आणि मग खाली शिकायला पाठवायचा. पण गल्ला भरत होता, मग कोण पाठवतो! पुढं खांद्याचं दुखणं आलं. मोठ्या लीगमधला त्याचा हिशोब १८ जिंकल्या, ३३ हरल्या, आणि वयाच्या २६ व्या वर्षी तो खेळातून बाहेर पडलेला होता.

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पण थो जिंकला होता ना पहिली मॅच?"

हे उलटंही होतं. शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटनं २०१५ च्या सरावात नऊ होमरन (मैदानाबाहेरचे फटके) मारले आणि तरी त्याला सीझनच्या सुरुवातीला ट्रिपल एमध्ये आयोवाला पाठवलं. १७ एप्रिलला वर बोलावलं. त्यांच्या नियमात मोठ्या संघातले १७२ दिवस झाले की एक वर्ष धरतात, आणि अशी ठरावीक वर्षं भरली की खेळाडू दुसऱ्या संघात जायला मोकळा. ब्रायंटचे त्या सीझनचे १७१ भरले. एक दिवस कमी, आणि त्या एका दिवसामुळं संघाचा त्याच्यावरचा हक्क आणखी एक वर्ष वाढला. त्या वर्षीचा उत्तम नवखा खेळाडू तोच ठरला, म्हणजे त्याला खाली ठेवायला खेळाचं कारण नव्हतं. तो तक्रारीत गेला आणि हरला.

ही गोष्ट मी दादाला का सांगितली? एकाला लवकर वर नेलं, एकाला उशिरा, आणि दोन्ही वेळा ठरवणाऱ्याच्या हातात स्वतःची खातेवही होती. मग अकादमीची खातेवही काय म्हणते ते पण पाहावं. १ लाख १० हजार हे एक. दुसरं असं की पोरगा त्यांच्या शाळेत आला की आमच्या शाळेकडून त्यांच्याविरुद्ध टाकणार नाही. त्यांनी असं मनात आणलं असेल असं मी म्हणत नाही. पण सहाव्या नंबरच्या पिचरला एवढा आग्रह कशासाठी, हा प्रश्न मी ओट्यावर ठेवला आणि चहा करायला उठले.

वहिनीचा मुद्दा आम्हा दोघांपेक्षा सोपा होता. दहावीचं वर्ष. शाळा आत्ता बदलायची, नवे मास्तर, नवी पुस्तकं, संध्याकाळी सातपर्यंत मैदानात, आणि दहावीचे खेळाचे वाढीव गुण मिळायचे तर मैदानात उतरलेला पाहिजे, बाकावर बसलेला नाही. शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण दादाच्या डोक्यात फार दिवसांपासून बसलेलं आहे. वहिनी म्हणाली, "आधी दहावी पास होऊ द्या, मंग आरक्षण."

पोराला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, त्याला तो सहाय्यक कोच पाहिजे आणि गावचा माउंड पाहिजे. आणि रिंकू सिंग. हे त्याचं देवघर आहे. क्रिकेटवाला नव्हे, उत्तर प्रदेशातला भालाफेकवाला पोरगा, तोही डावखुरा. २००८ साली एका टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडला गेला, दिनेश पटेल आणि तो, दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सनं घेतलं. त्याआधी दोघांनी बेसबॉल कधी खेळलेलाच नव्हता. २००९ ला त्यांना कुठं ठेवलं? फ्लोरिडातल्या सगळ्यात खालच्या, नवख्यांच्या लीगमध्ये. त्यांच्यावर एवढे कॅमेरे होते, तरी पायरी खालचीच. रिंकू पुढं वर सरकला, मग दुखापतींनी धरला, मोठ्या लीगपर्यंत गेला नाही आणि नंतर कुस्तीच्या रिंगमध्ये वीर महान म्हणून उतरला. पोराला तो कुस्तीवालाच आधी माहीत झाला होता, हे सांगायला नको.

तर ठरलं असं. सीझन गावच्या शाळेतून. माउंड नव्यानं केला आहे, यंदा मुरमासोबत विटांचा चुरा टाकला आणि पाणी जायला बाजूनं चर काढला. अंतर टेपनं ६० फूट ६ इंच, सरांना पाटीजवळ फिरकू दिलं नाही. बॉल मी मोजते, माझी रविवारची सुट्टी त्यातच जाते. अकादमीत महिन्यातून दोनदा, त्या सहाय्यक कोचकडं. एका वेळचे २०० रुपये घेतात आणि त्याला त्यांची ना नाही, हेही त्यांच्या बाजूनं लिहायला पाहिजे. पहाटेच्या गाडीनं जातो, रात्री येतो.

तुम्ही पोरगा घालायचा विचार करत असाल तर: बॅटर असेल तर जरूर घाला. तिथं बॉल फेकायची मशीन आहे, दिवसाला शंभर बॉल मारायला मिळतात, ते कुठल्या गावात मिळणार नाहीत. कॅचर, म्हणजे पिचरचा बॉल पकडणारा, असेल तरी घाला, कॅचर नेहमी कमी असतात, त्याला रोज काम मिळेल. पिचर असेल तर आधी विचारा की तुमच्याकडं त्याच्याहून मोठे पिचर किती आहेत, आणि आकडा सांगेपर्यंत चहा पिऊ नका. डावखुरा असेल तर ग्लोव्ह घरून न्या. मेरठ-जालंधरचा माल शहरातल्या दुकानात सांगून मागवता येतो, आमचा दीड महिन्यानं आला. मुलींसाठी शिबिर आहे, पण मुलींचं राहणं मैदानापासून दोन किलोमीटरवर आहे आणि पहाटे साडेपाचला तिथून चालत यायचं आहे. मी विचारलं, सोबत कोण असतं, तर उत्तर नीट आलं नाही. माझी मुलगी असती तर मी पाठवली नसती.

डिपॉझिटसाठी तीन फोन केले. दर वेळी सोमवार सांगतात. आले की इथंच खाली लिहीन, आणि तारा वाढवीन.